तलाठीची ऑर्डर घेऊ की राज्यसेवेचा अजून एक अटेम्प्ट देऊ?

पाणंद_रस्ता:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय. वय २८, मराठवाड्यातला, बीएस्सी ॲग्री. साडेतीन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने) राहून अभ्यास करतोय. एमपीएससीच्या राज्यसेवेच्या दोन मुख्य परीक्षा दिल्या, एकदा ११ मार्कांनी मुलाखत हुकली. आता २०२३ च्या तलाठी भरतीत (४६४४ जागांची) नाव लागलंय, कागदपत्र पडताळणी पण झाली, ऑर्डर कधीही येईल. घरी पेढे वाटून झाले पण माझंच मन लागत नाहीये, कारण उपजिल्हाधिकारी व्हायचं म्हणून घर सोडलं होतं. त्यात २०२४ ची मुख्य ही ऑब्जेक्टिव्हची शेवटची, २०२५ पासून वर्णनात्मक, म्हणजे निबंध, सामान्य अध्ययनाचे (जीएस) चार पेपर, वैकल्पिकचे दोन, लेखी १७५० मार्कांची आणि मुलाखत २७५ ची, सगळं नव्याने. आणि २८ एप्रिल २०२४ ची पूर्व परीक्षा पण पुढे ढकलली.

वडील म्हणतात हातचं सोडू नको. रूममेट म्हणतो एकदा सज्जावर (तलाठ्याकडे सोपवलेली गावं) गेलास की पुस्तक मिटलं समज. खरं सांगायचं तर तलाठ्याच्या कामाबद्दल माझं मतच चांगलं नाही, आजोबा गेल्यावर वारस नोंदीसाठी वडिलांनी दीड वर्ष हेलपाटे घातले आणि शेवटी सातबाऱ्यावर नाव लागलं ते पण चुकीचं. त्याच खुर्चीत जाऊन बसायचं का, हे कळत नाहीये. जे नोकरीत आहेत त्यांनी प्लीज सांगा.

शास्त्री_रोड:
भावा घेऊन टाक. २०१९ च्या भरतीत माझं नाव आलं होतं, मी गेलो नाही, म्हटलं वर्षभरात क्लास वन काढतो. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, ५ एप्रिल २०२० ला असणारी पूर्व सरकत सरकत २१ मार्च २०२१ ला झाली, त्या वर्षभरात मेसचे पैसे, रूमचं भाडं, घरून येणारे फोन, सगळं अंगावर आलं. आता ३३ चा आहे. अभ्यास कमी पडला असं मला अजूनही वाटत नाही, पण परीक्षेची तारीख आपल्या हातात नसते आणि खिशात पगार नसला की पुढे ढकललेला प्रत्येक महिना घरच्यांच्या जिवावर काढावा लागतो. २५,५०० चं बेसिक आज लहान वाटत असेल, मला नाही वाटत.

फाइल_टिपणी:
मी मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी आहे, माझं मत जरा वेगळं. २०१८ ला मी ग्रामसेवकाची ऑर्डर परत केली होती, घरात महिनाभर कोणी धड बोललं नाही, पण पुढच्या परीक्षेत इथे आले. दादा तू ११ मार्कांवर आहेस, हा फार थोडा फरक आहे. वर्णनात्मकची भीती तुला का वाटतेय, कृषी तुझाच विषय आहे आणि तो वैकल्पिकमध्ये आहे. पण रोज हाताने दोन-तीन उत्तरं लिहून कुणाकडून तरी तपासून घ्यावी लागतील आणि त्याला ठरलेली वेळ लागते, गावपातळीच्या पोस्टवर ती मिळत नाही. मी टेबलवर बसून काम करते म्हणून सकाळी ५ ते ८ माझी असते. तलाठ्याला पहाटे फोन येतो की नदीला पाणी आलं. घरची परिस्थिती एक वर्ष ओढू शकत असेल तर थांब, नसेल ओढू शकत तर मग वरच्या भावाचं बरोबर आहे.

सज्जावरून:
सहा वर्षं तलाठी आहे, तीन गावं माझ्याकडे आणि शेजारच्या सज्जाचा अतिरिक्त कार्यभार. ताई म्हणतात ते खोटं नाही, आत्ता लोकसभेची ड्यूटी चालू आहे, रात्री ९ च्या आत घरी पोचलो नाही पंधरा दिवसांत. अभ्यास होईल असं खोटं आश्वासन देणार नाही. बढतीने आधी मंडळ अधिकारी मग नायब तहसीलदार होता येतं पण त्यात बरीच वर्षं जातात.

पण खुर्चीबद्दल लिहिलंस त्यावर बोलतो. वारस नोंद म्हणजे अर्ज, मृत्यू दाखला, गाव नमुना ६क ला (वारसांच्या नोंदवहीत) वारस चढवायचे, फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद) धरायचा, नोटीस काढायची, १५ दिवसांत हरकत नाही आली की मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. महिन्या-दीड महिन्याचं काम आहे रे, तुझ्या वडिलांना दीड वर्ष लागलं ते कुणीतरी लावलं म्हणून. आणि त्यातच खरी सेवा आहे. माझ्याकडे भाऊ येतात, तिघांची नावं देतात, मी दरवेळी विचारतो बहिणी किती? मग शांतता. म्हणतात ताईचं लग्न झालंय, तिचं कशाला. २००५ पासून मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, तरी कागदावर तिचं नाव आलं नाही तर पुढे ती कोर्टात चकरा मारत बसते. तो प्रश्न विचारायचा की नाही हे त्या क्षणी फक्त तलाठ्याच्या हातात असतं, उपजिल्हाधिकाऱ्यापर्यंत ते अपिलातच जातं.

तसंच अतिवृष्टीचं. कृषी सहायक, ग्रामसेवक आणि मी बांधावर उभे, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का ते ठरवायचं, खाली असेल तर मदत नाही. सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटलेले असतात, म्हातारा माणूस काही न बोलता त्या शेंगा आपल्या हातावर ठेवतो. तू ॲग्रीचा आहेस, तुला बघूनच कळेल. असा माणूस सज्जावर हवा असं मला मनापासून वाटतं. पुढे राज्यसेवा दे, जरूर दे, अर्ज भरलास की ऑफिसला कळवून ठेव.

पाणंद_रस्ता:
सगळ्यांचे आभार, ताई तुमचं पण, तुमचं वाचून रात्रभर झोप नाही लागली. घरचे अजून एक वर्ष ओढू शकत नाहीत हे मला आधीच माहिती होतं, लिहायला जड जात होतं. जॉइन होतोय. पूर्वची तारीख आली की ती पण देणार.

सज्जावरून दादा, तुमचं वाचून काल वडिलांना फोन केला, विचारलं आजोबांच्या फेरफारात दोन्ही आत्यांची नावं आहेत का. नाहीत. वडील म्हणाले तेव्हा कुणी विचारलंच नाही. आता काय करता येईल?

सज्जावरून:
वडिलांचं नाव नुसतं लिहिण्यात चुकलं असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज. आत्यांचं मात्र त्यात बसत नाही, फेरफार प्रमाणित झालाय म्हणजे प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करावं लागेल, मुदत उलटली असणार म्हणून विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा. फेरफाराची नक्कल आधी काढ. आणि वडील संमती देत असतील तर त्यांना सोबत घेऊन जा, भावानेच हो म्हटलं की बरंच सोपं होतं.