बालसाहित्याचं मूल्यमापन नेमकं कसं करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी नागपूरला मराठीत एम. ए. करते आहे. शोधनिबंधासाठी बालसाहित्य हा विषय हौसेनं घेतला, आणि आता अडकले.

सरांचं म्हणणं, प्रत्येक पुस्तकातून काय बोध मिळतो ते लिही. ‘श्यामची आई’बद्दल तसं पानंच्या पानं लिहिता येतं. पण माधुरी पुरंदरेंच्या ‘राधाचं घर’चं काय? तिथे चित्रंही त्यांचीच, आणि अर्धी गोष्ट चित्रातच आहे. नुसता मजकूर तपासला तर हाती काय लागणार? विंदांच्या बालकवितांत तर निखळ मजा आहे. तिथे बोध शोधायचा म्हणजे शिऱ्यात खडे शोधण्यासारखं.

परवा सहा वर्षांच्या भाचीला एक बक्षीसपात्र पुस्तक वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर उठून गेली बाप्पा! मला ते फार आवडलं होतं. मग खरं कुणाचं धरायचं? साहित्य अकादमी 2010पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते, पण तिथेही परीक्षक मोठेच.

सध्या भाषेची लय, वयोगट, चित्र-मजकुराचं नातं आणि गोष्ट मुलाच्या नजरेतून आहे का, एवढे निकष ठरवलेत. आणखी काय घ्यावं? मुलांच्या प्रतिक्रिया शोधनिबंधात कशा नोंदवतात? मराठीत यावर समीक्षाग्रंथ कोणते? इथे नागपुरात बर्डीवर किंवा महाल भागात कुणाकडे जुने बालमासिकांचे अंक असतील तर मी येऊन बघीन, घरी नेणार नाही.

महिनाअखेर आराखडा द्यायचा आहे.