मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या ताईंची नोंदणी कुठे करायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही हॅरोला राहतो. बाळ 10 महिन्यांचं आहे. माझी रजा संपत आली आहे आणि सासूबाईंच्या व्हिजिटर व्हिसाची मुदतही. आम्ही दोघंही वर्क व्हिसावर, 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स'वाले (म्हणजे सरकारी मदतीचा हक्क नाही), त्यामुळे 9 महिन्यांपासून मिळणारे मुलं सांभाळण्याचे आठवड्याचे 30 मोफत तास आम्हाला नाहीत. नर्सरीचे दर झेपणारे नाहीत.

जवळच एक मराठी ताई घरी मुलं सांभाळतात. मायेनं भरवतात, मराठीत बोलतात, बाळ त्यांच्याकडे छान रमतं. स्वतःची 3 वर्षांची मुलगी आहे आणि सध्या आणखी एका घरचं 8 महिन्यांचं बाळ येतं. पैसे घेतात, पण नोंदणी नाही. मी वाचलं की 8 वर्षांखालच्या मुलांना दिवसाला 2 तासांहून जास्त वेळ आपल्या घरी पैसे घेऊन सांभाळायचं असेल तर नोंदणी सक्तीची आहे. आजी-आजोबा, सख्खे काका-मावशी यांना सूट आहे, ओळखीच्यांना नाही.

मला त्यांची तक्रार अजिबात करायची नाही. त्यांचं काम रीतसर व्हावं आणि बाळ त्यांच्याकडेच राहावं, एवढंच मनापासून वाटतं. कुणी म्हणतं काउन्सिलमध्ये जा, कुणी म्हणतं ऑफस्टेडकडे (शाळा आणि पाळणाघरं तपासणारी सरकारी संस्था). त्या डिपेंडंट व्हिसावर आहेत, त्याची अडचण येईल का? आणि नोंदणी होईपर्यंत मी काय करू?

प्रतिसाद 1
काउन्सिल सांगणारे बहुतेक आमच्या पिढीतले असणार. 1948 च्या कायद्यापासून हे काम स्थानिक प्रशासनाकडेच होतं. मी चाइल्डमाइंडर (आपल्या घरी पैसे घेऊन मुलं सांभाळणारी) झाले तेव्हा काउन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसच्या बाई घर बघायला आल्या होत्या. सप्टेंबर 2001 पासून इंग्लंडमध्ये नोंदणी आणि तपासणी दोन्ही ऑफस्टेडकडे गेली. (वेल्स, स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे.) काउन्सिल अजूनही उपयोगी आहे मात्र. नव्या चाइल्डमाइंडरना माहिती आणि प्रशिक्षणाची वाट तिथूनच कळते. काउन्सिलच्या फॅमिली इन्फर्मेशन सर्व्हिसला फोन करा.

प्रतिसाद 2
मी लेस्टरला नोंदणीकृत चाइल्डमाइंडर आहे. डिपेंडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येतो, ताईंना ती भीती नको.

तुमची खरी अडचण संख्येची आहे. एका चाइल्डमाइंडरकडे 8 वर्षांखालची जास्तीत जास्त 6 मुलं, त्यांत 5 वर्षांखालची 3, आणि 1 वर्षाखालचं एकच. स्वतःची मुलंही यात धरतात. म्हणजे ताईंची मुलगी, ते बाळ आणि तुमचं बाळ अशी लहान मुलांची मर्यादा तिथेच भरते. शिवाय दोन्ही बाळं वर्षाच्या आतली. अपवाद होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. नोंदणी होईपर्यंत तुमचं बाळ वर्षाचं होईलच, तेव्हा हा प्रश्न सुटेल.

तयारीला आजच लागायला सांगा: लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा 12 तासांचा कोर्स, विमा, भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी, आणि घरात राहणाऱ्या 16 वर्षांवरच्या प्रत्येकाची डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची तपासणी). ताई किंवा त्यांचे यजमान गेल्या 5 वर्षांत भारतात राहिले असतील तर तिथलं पोलीस क्लिअरन्सही लागेल. त्यालाच वेळ जातो, ते आधी काढा.

तोवर ताई तुमच्या घरी येऊन सांभाळू शकतात. एका कुटुंबाच्या घरी दोन कुटुंबांपर्यंतची मुलं सांभाळणाऱ्या नॅनीला नोंदणी सक्तीची नाही. पण मग तुम्ही त्यांना नोकरीवर ठेवणारे ठरता: किमान वेतन, पगारपत्रक, कर, सगळं नियमानं करावं लागेल.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार! नॅनीचा मार्ग माहीतच नव्हता. त्या दुसऱ्या बाळाच्या आईशीही बोलते, त्या तयार झाल्या तर आमच्याकडेच सोय करू. ताईंचं घर भाड्याचं आहे. मालकाला परवानगीसाठी लिहिलेल्या पत्राचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथे द्याल का?