बाई रजेवर, वर्ग वाऱ्यावर: बदली शिक्षक नेमण्याचे नियम काय असावेत?

भुदरगडचा पालक:
शिक्षक भरती कधी होणार यावर आपण सगळे बोलतो. मला आज वेगळ्याच जागेबद्दल बोलायचंय. जागा भरलेली आहे, पण शिक्षक वर्गात नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या भुदरगड तालुक्यातली एका वाडीवरची शाळा, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी. तिथल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. तो त्यांचा हक्क आहे, 180 दिवस त्यांना मिळायलाच हवेत. मागे राहिले एकटे गुरुजी. चारही वर्ग एका खोलीत. फळ्याच्या डाव्या अंगाला चौथीचा भागाकार, उजव्या अंगाला पहिलीची मुळाक्षरं, मधे खडूची उभी रेघ. गुरुजींना तालुक्याला मीटिंग लागली की शेजारच्या शाळेतल्या कुणाची तरी तात्पुरती इकडे कामगिरी काढतात, म्हणजे तिथला वर्ग मोकळा. तेही जमलं नाही तर पोषण आहार शिजवणाऱ्या ताई एक डोळा भातावर आणि एक डोळा पोरांवर ठेवतात. कागदावर मात्र मंजूर पदं दोन, कार्यरत दोन. सगळं आलबेल.

शिक्षण हक्क कायद्यात 60 विद्यार्थ्यांच्या पटापर्यंत दोन शिक्षक लागतात. त्याच कायद्याच्या कलम 26 प्रमाणे रिक्त पदं मंजूर पदांच्या 10 टक्क्यांवर जाता कामा नयेत. पण रजेवरचा शिक्षक रिक्त पदात मोजलाच जात नाही. त्यामुळे अर्धी शाळा रिकामी असूनही कुणाला जाब विचारता येत नाही.

माझी मागणी अशी. जून उजाडायच्या आत पंचायत समितीने डीएड किंवा बीएड झालेल्या आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास असलेल्या स्थानिक उमेदवारांची गुणानुक्रमे यादी लावावी. चारित्र्य पडताळणी तेव्हाच उरकावी. पंधरा दिवसांपेक्षा मोठी रजा मंजूर झाली की त्याच आदेशात यादीतल्या पुढच्या उमेदवाराची नेमणूक व्हावी. मानधन शिक्षणसेवकाइतकं (म्हणजे मानधनावर लागलेल्या नव्या शिक्षकाइतकं), महिना 16,000 च्या हिशोबाने, आणि मूळ शिक्षक हजर झाला की नेमणूक संपली. निवड गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीकडे देऊ नये, हेही स्पष्टच सांगतो. मी स्वतः समितीत आहे. आमच्याकडे निवड आली की पहिल्या दिवसापासून भावकी सुरू होईल.

प्राथमिक शिक्षक, शाहूवाडी:
तुमची तळमळ पटली, मागणी पटली नाही. सरकारच्या हातात असा नियम देणं धोक्याचं आहे, आणि हे मी इतिहास बघून बोलतोय.

शिक्षणसेवक योजना 2000 साली आली. आज पाव शतक झालं, अजून चालू आहे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला 2022 संपेपर्यंत महिना 6,000 रुपये मिळत होते. एवढ्यात एक तरुण माणूस डोंगरातल्या शाळेवर खोली भाड्याने घेऊन राहायचा. सप्टेंबर 2023 मध्ये खासगी एजन्सीमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला, लोक रस्त्यावर उतरले तेव्हा ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. सप्टेंबर 2024 मध्ये 10 किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत 15,000 रुपयांवर कंत्राटी शिक्षक देण्याचं ठरलं. दर वेळी शब्द एकच असतो: तात्पुरतं.

तुमची यादी एकदा तयार झाली की पहिल्या वर्षी ती रजेसाठी वापरतील, दुसऱ्या वर्षी रिक्त पदासाठी, आणि तिसऱ्या वर्षी विचारतील की एवढ्या कमी पैशात काम भागतंय तर भरती कशाला?

गरज खरी आहे, त्यासाठी रजा राखीव पदं मागा. दहा-पंधरा शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक कायम शिक्षक जादा द्या. ज्या शाळेत रजा पडेल तिथे तो जाईल. पूर्ण पगाराचा, सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून आलेला. एकाची कामगिरी काढून दुसऱ्याचा वर्ग मोडायची वेळच येणार नाही.

पात्र पण घरी:
सर, रजा राखीव पदं मंजूर होईपर्यंत आम्ही काय करायचं? मी गारगोटीला डीएड केलं, टीईटी पास आहे, भरतीसाठी वेगळी असलेली टेट (अभियोग्यता चाचणी) परीक्षाही दिली आहे. पहिली टेट 2017 च्या डिसेंबरात झाली, दुसरी थेट 2023 मध्ये. मधली वर्षं आम्ही कुठे घालवली ते विचारा. माझे दोन वर्गमित्र शिरोली एमआयडीसीत आहेत, एक गोकुळच्या संकलन केंद्रावर दूध मोजतो.

यादीला माझा पाठिंबा आहे, पण दोन गोष्टी लिहून घ्या. पहिली, निवृत्तांना अग्रक्रम नको. जुलै 2023 च्या निर्णयाने 70 वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 मानधन दिलं. पेन्शन वेगळी. त्याच वर्षी नव्याने लागलेला शिक्षणसेवक 16,000 वर काम करत होता. ज्याला नोकरी हवी आहे त्याला कमी आणि ज्याची नोकरी झाली आहे त्याला जास्त, हे कुठलं गणित? दुसरी, शिकवलेल्या दिवसांचा अनुभव दाखला मिळालाच पाहिजे. आज कुठे चार महिने शिकवलं तरी हातात कागदाचा चिटोराही येत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, गडहिंग्लज:
पेन्शनधारकावरचा राग समजतो, पण पोरा, एक गोष्ट ऐक. जोडवर्ग शिकवणं हे वेगळं काम आहे. पहिलीला मणी मोजायला बसवून तिसरीला धडा वाचायला लावायचा, तेवढ्यात चौथीची उदाहरणं तपासायची आणि दुसरीतलं कोण गप्प गप्प बसलंय हे हेरायचं. डीएडच्या पाठात ते कुणी शिकवत नाही. म्हणून निवृत्तांना सरसकट बाद करू नका. यादीत तरुण आधी घ्या, आणि जिथे चारही वर्ग एकाच माणसावर येणार असतील तिथे पहिला आठवडा एखाद्या जाणत्या शिक्षकाला सोबत द्या. सत्तरीच्या माणसाला गगनबावड्याच्या पावसात डोंगर चढायला लावू नये हे मात्र मलाही मान्य.

मला खरी काळजी वेगळीच आहे, त्यावर इथे कुणी बोललेलं नाही. बदली शिक्षकाच्या हातात पहिल्या दिवशी काय पडतं? हजेरीपट आणि कपाटाची किल्ली. अमक्या मुलीला जोडाक्षर अडतं, तमका वजाबाकीत हातचा घेताना चुकतो, एकाला लांबून फळा दिसत नाही म्हणून पुढे बसवायचं, हे सगळं रजेवर गेलेल्या बाईंच्या डोक्यात. नवा माणूस तीन आठवडे चाचपडतो, मग कुठे गाडी रुळावर येते. रजेचा अर्ज देताना प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी लिहिलेली वही मुख्याध्यापकांकडे जमा करायची, असा नियम करा. त्याला पैसा लागत नाही.

चंदगडची आई:
आमच्याकडं शाळेत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एक मुलगी आली होती. पदवीधर, महिना 10,000. ती गुरुजींना मदत करायला आलेली, पण गुरुजी एकटेच म्हटल्यावर दुसरीचा वर्ग तिनंच घेतला. डीएड नव्हतं तिचं. तरी सांगते, पोरं तिच्यामुळं बोलती झाली, कारण ती इथलीच. आमच्या पोरांची घरातली बोली चंदगडी. पुस्तकातलं मराठी त्यांना पहिल्या वर्षी परकं वाटतं. तिची मुदत संपली आणि ती गेली. आता पुन्हा तेच.

तुमचा वाद कायम आणि कंत्राटीचा आहे. मला एवढंच म्हणायचंय, काय ते आठ दिवसांत व्हावं. पहिलीचं पोरगं पावसाळाभर नुसतं बसून राहिलं तर त्याला शाळेची गोडी कधी लागायची?

प्राथमिक शिक्षक, शाहूवाडी:
ताई, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण तुम्ही जे सांगितलं त्यानेच माझी भीती खरी ठरते. प्रशिक्षणार्थी म्हणून आलेल्या मुलीवर अख्खा वर्ग टाकला गेला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 23 प्रमाणे शिक्षकाला किमान अर्हता हवी. तिथे ती पाळली गेली नाही आणि कुणी हरकतही घेतली नाही. गरजेच्या नावाखाली नियम असेच सैल होतात.

आणखी एक. शिक्षक रजेवर असतो तेवढाच वर्गाबाहेर असतो असं नाही. कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं सांगतं. बाकीचे सर्व्हे, ऑनलाइन माहिती, फोटो अपलोड हे कुठल्या कलमात बसतं? ते बंद केलं तर निम्मे दिवस आम्हीच परत वर्गात दिसू.

भुदरगडचा पालक:
सर, अशैक्षणिक कामांबद्दल मी तुमच्या बाजूने उभा राहीन, निवेदनावर पहिली सही माझी. पण ती कामं उद्या बंद झाली तरी बाळंतपणाची रजा, बालसंगोपनाची रजा, अपघात, आजारपण राहणारच. त्याचं उत्तर हवं.

यादीतले लोक मागच्या दाराने कायम होतील, अशी भीती असेल तर तीही सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालानंतर नुसतं बरीच वर्षं काम केलं म्हणून कंत्राटी माणसाला कायम होण्याचा हक्क सांगता येत नाही. म्हणजे यादीतून कुणी चोरवाटेने कायम होणार नाही.

प्राथमिक शिक्षक, शाहूवाडी:
मागच्या दाराने कुणी आत येईल याची भीती मला नाहीच. भीती याची आहे की पुढचा दरवाजा सरकार उघडणारच नाही. तुम्ही सांगितलेला निकाल सरकारच्या पथ्यावर पडतो. माणूस वर्षानुवर्षं वापरायचा, त्याच्याकडून हक्क मागणार नाही असं हमीपत्र घ्यायचं आणि एक दिवस घरी पाठवायचं. वर ‘पात्र पण घरी’ म्हणून लिहिणारा हा मुलगा चाळिशीला त्याच यादीत असेल.

करवीरकर:
जिल्हा परिषदेचंच सगळे बोलताय म्हणून अनुदानित खासगी शाळांची बाजू मांडतो. माझ्या बहिणीने शहरातल्या एका संस्थेत रजेच्या जागेवर गणित शिकवलं. नेमणूक आदेश नाही, पगार संस्थेच्या मनाला येईल तेवढा, आणि पुढे जागा निघाली की तुमचाच विचार करू हे आश्वासन. जागा निघाली, आली दुसरीच व्यक्ती. त्यामुळे नियम करणार असाल तर पहिल्या दिवशी लेखी आदेश आणि बँकेतून मानधन, हे अनुदानित शाळांनाही बंधनकारक करा. यादी एकच ठेवा, दोन्हीकडे तीच चालवा.

शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. आज मूल शाळेत येतं, शिक्षक येत नाही. जबाबदारी कुणाची, हे त्या आदेशात नावानिशी लिहिलं पाहिजे. माझ्या मते गटशिक्षणाधिकाऱ्यांची.

निवृत्त मुख्याध्यापक, गडहिंग्लज:
जबाबदारी ठरवा, पण पैसा कुठल्या लेखाशीर्षातून येणार तेही ठरवा. प्रसूती रजेत मूळ शिक्षकाला पूर्ण पगार मिळतो, तो तसाच राहणार. बदली शिक्षकाचं मानधन त्यावर जादा. तरतूद अंदाजपत्रकात आधी धरली नाही तर यादी फायलीत राहील आणि नेमलेल्या पोराला मार्च उलटून गेला तरी पैसे मिळणार नाहीत. हे मी नोकरीत जवळून बघितलंय.

पात्र पण घरी:
गुरुजी, वहीची सूचना फार आवडली. निवृत्तांबद्दल माझं मत तेच आहे, पण पहिला आठवडा सोबत मिळणार असेल तर मी कुठल्याही वाडीवर जायला तयार आहे. शाहूवाडीच्या सरांना विचारतो, या यादीतल्या नेमणुकीला वर्षाची मर्यादा घातली तर तुम्ही पाठिंबा द्याल का? एका पदावर एका शैक्षणिक वर्षापलीकडे बदली शिक्षक ठेवता येणार नाही, तोवर ते पद भरतीच्या मागणीत गेलंच पाहिजे.

प्राथमिक शिक्षक, शाहूवाडी:
रजेच्या जागेसाठी, वर्षाच्या मर्यादेसह, पूर्ण अर्हता आणि अनुभव दाखला देऊन: हो. निव्वळ रिक्त पदासाठी एक दिवसही नाही. हा फरक आदेशाच्या पहिल्या ओळीत हवा. आणि रजा राखीव पदांची मागणी निवेदनात वरच्या क्रमांकावर हवी.

भुदरगडचा पालक:
रजा राखीव पदं वर घेतो, वर्षाची मर्यादा घेतो, वहीचा नियम आणि लेखी आदेशही घेतो. पण रिक्त पदाबाबत तुमच्याशी जमत नाही, सर. ज्या शाळेत एकही शिक्षक उरलेला नाही तिथे भरती होईपर्यंत मुलांनी घरी बसावं, असं मी कुठल्याच गावाला सांगू शकत नाही. शून्यशिक्षकी शाळेचा अपवाद मी निवेदनात ठेवणार. मसुदा रविवारी इथे टाकतो, तुमची हरकत त्याखाली तुमच्याच शब्दांत लिहा, जिल्हा परिषदेला दोन्ही पानं देऊ.