एका दिवसात विजापूर: गोलघुमट शांतपणे ऐकता येईल का?

भीमाकाठ

नमस्कार. माझा शाळेपासूनचा मित्र डिसेंबरात आठ दिवसांसाठी सोलापूरला माझ्याकडे उतरणार आहे आणि त्यातील एक दिवस आम्ही विजापूरसाठी राखून ठेवला आहे. आवाज दणदणीत असल्यामुळे गुरुजींनी त्याला वर्गात ‘मुलूखमैदान’ असे नाव ठेवले होते आणि ते आजतागायत टिकून आहे. तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर का होईना, ज्या तोफेचे नाव आयुष्यभर वागवले ती डोळ्यांनी पाहायचीच, असा त्याचा हट्ट आहे.

माझा ओढा मात्र गोलघुमटाकडे आहे. काही वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मी तिथे गेलो होतो. त्या वेळी वरच्या सज्जात दोन-तीन शाळांच्या सहली एकदम पोहोचल्या होत्या आणि शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या यांचा असा काही कल्लोळ उठला होता की पाच मिनिटांत मी कानांवर हात ठेवून खाली उतरलो. कुजबूज पलीकडच्या टोकाला ऐकू येते, हे मी केवळ वाचलेले आहे. हा अनुभव खरोखर घ्यायचा असेल तर कोणत्या वेळी जावे? मित्राच्या उजव्या गुडघ्याचे दुखणे जुने आहे. त्याला जिना झेपेल का? आणि एका दिवसात सगळे पाहून होणार नाही हे गृहीत धरले, तर कोणत्या वास्तू सोडून द्याव्यात?

होटगीवाला

कामानिमित्त माझी विजापूरला वर्षातून चार-पाच फेऱ्या होतात, त्या आधारावर लिहितो. सोलापूरपासून अंतर सुमारे 100 किलोमीटर आहे. अंधारातच निघालात तर सकाळी लवकर, सहलींच्या गाड्या येण्यापूर्वी घुमटाच्या आवारात पोहोचता येते. त्या पहिल्या तासाभराच्या शांततेसाठी पहाटेची झोप मोडणे परवडते. डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा हंगाम असल्यामुळे शनिवार-रविवार कटाक्षाने टाळावेत. समोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय आहे. ते शुक्रवारी बंद असते.

गोलघुमट शहराच्या पूर्व अंगाला आहे आणि इब्राहिम रोजा पश्चिमेला, तटाच्या बाहेर. त्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेले की उलटसुलट फेरे पडत नाहीत. घुमटानंतर जामा मशीद पाहावी, मग गावाच्या मध्यावर असलेली बारा कमान आणि गगनमहाल, त्यानंतर उपली बुरूज आणि तोफ, आणि दिवस कलताना इब्राहिम रोजा. दुपारी एखाद्या साध्या खानावळीत ज्वारीची पातळ भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी आणि दही असे जेवून घ्यावे. सोलापूरच्या माणसाला तिथली चटणी परकी वाटणार नाही, पण आपलीच चांगली असे म्हणण्याचा मोह होतो, तो भाकरी संपेपर्यंत आवरावा.

वेळ कमी पडला तर उपली बुरूज आणि तोफ दोन्ही वगळा, असे माझे मत आहे. बुरुजाच्या बाहेरून वर चढत जाणारा दगडी जिना दुखऱ्या गुडघ्याला त्रासाचा आहे, आणि तोफ काय, छायाचित्रातही दिसते.

ओळंबा

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे विषयाच्या पोटात शिरून लिहितो.

मुहम्मद आदिलशहाची ही कबर 1656 च्या सुमारास, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वेळी, जवळपास पूर्ण झाली होती. आतील दालन चौरस असून त्याची प्रत्येक बाजू सुमारे 41 मीटर आहे, आणि मध्ये एकही खांब नाही. घुमटाचा बाहेरील व्यास 44 मीटरच्या आसपास भरतो. चौकोनावर गोल बसवायचा कसा, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी आठ कमानी एकमेकींना छेदत अशा रचल्या आहेत की वर पाहिल्यावर एकावर एक तिरपे ठेवलेले दोन चौकोन दिसतात आणि त्यांच्यातून अष्टकोन तयार होतो. घुमटाची बाहेर ढकलू पाहणारी शक्ती या आत झुकलेल्या बांधकामाच्या वजनाने तोलली जाते. दालनात उभे राहून मित्राला आधी हे दाखवावे. बहुतेक लोक थेट जिन्याकडे धावतात आणि याच गोष्टीला मुकतात.

आवाजाचे म्हणाल तर सज्जा घुमटाच्या आतील कडेने पूर्ण गोल फिरतो आणि भिंतीवरील चुन्याचा गिलावा कठीण आणि गुळगुळीत असल्यामुळे आवाज शोषला न जाता भिंतीच्या वळणाला धरून पुढे सरकत राहतो. म्हणून भिंतीशी तोंड नेऊन अगदी हळू बोलावे आणि समोरच्याने पलीकडच्या टोकाला भिंतीलाच कान लावावा. मध्ये सुमारे 38 मीटरची पोकळी असूनही शब्द स्पष्ट पोहोचतो. मी आणि माझा सहकारी एकदा भल्या सकाळी तिथे होतो, तेव्हा त्याने खिशातील कागदाची पुडी उलगडल्याचा चुरचुर आवाज मला पलीकडे ऐकू आला होता. एक टाळी वाजवली तर ती सात ते दहा वेळा परत येते. पण टाळी शेवटी वाजवावी, आधी नव्हे.

जिन्याबाबत स्पष्टच सांगतो. चार कोपऱ्यांवरील सात मजली अष्टकोनी मनोऱ्यांतून वर जावे लागते आणि पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत. चढण्यापेक्षा उतरताना गुडघा अधिक बोलतो. प्रत्येक मजल्यावर थांबत, घाई न करता गेलात तर जमण्यासारखे आहे. काठी मात्र असू द्यावी.

इब्राहिम रोजासाठी किमान दीड तास राखावा, ही विनंती. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर 1626 मध्ये पूर्ण झाली. एकाच चौथऱ्यावर कबर आणि मशीद समोरासमोर आहेत आणि मध्ये हौद आहे. खिडक्यांच्या जाळ्यांत भौमितिक नक्षीऐवजी अरबी अक्षरेच कोरलेली असल्यामुळे उजेड अक्षरांच्या फटींमधून आत येतो. कबरीच्या दालनाचे दगडी छत सपाट आहे, खाली खांब नाही, आणि ते कशाच्या आधारावर उभे आहे याचा विचार मी अजून करतो. गोलघुमट पाहून माणूस थक्क होतो, पण परत जावेसे वाटते ते रोजाकडे.

जुनेदप्तर

होटगीवाला यांचे बाकीचे म्हणणे मान्य आहे. तोफ वगळण्याचा सल्ला मात्र मला अजिबात पटला नाही. ज्या वस्तूने मराठीला एक शब्द दिला, ती चित्रात पाहून कशी चालेल?

ही तोफ मुळात विजापूरची नाही. ती 1549 मध्ये अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि 1632 मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती तिथून विजापूरला आणली. पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला अशी ज्याची ख्याती आहे, तोच हा मुरार जगदेव. म्हणजे ती आपल्याच मुलखातून गेलेली आहे. लांबी साडेचार मीटरच्या आसपास आणि वजन सुमारे 55 टन. तोंड सिंहाच्या जबड्यासारखे घडवलेले असून त्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. जवळ गेल्याशिवाय तो हत्ती नीट लक्षात येत नाही. ब्रिटिश अमदानीत 1854 मध्ये या तोफेचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा बोली अवघ्या 150 रुपयांवर थांबली. तेवढ्यात ती द्यायची नाही असे ठरून विक्री रद्द झाली, म्हणून ती आज जागेवर आहे.

उपली बुरूज खालूनच पाहावा. त्यातून वाचलेला वेळ तोफेला द्यावा. इब्राहिम रोजाला जाताना ती वाटेवरच पडते, त्यामुळे वेगळा फेरा होत नाही.

भीमाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवार ठरवला आहे. पहाटे निघू, उपली बुरूज खालून पाहू आणि तोफ ठेवू. ओळंबा सरांच्या सूचनेनुसार काठीची सोय केली आहे.

काल रात्री मित्राला फोनवर लिलावाची हकिगत सांगितली. आपल्याला केवळ 150 रुपयांची बोली लागली हे त्याला भलतेच झोंबले, आणि मी फोन कानापासून हातभर लांब धरला तरी सगळे नीट ऐकू येत होते. सज्जात हळू बोलण्याची त्याची तालीम आजपासूनच सुरू करावी लागेल.