‘विट’ला मराठीत काय म्हणावं?

दुभाषी
एका अनुवादात अडकले आहे. आयुष्य आणि समाज यांवर नामवंतांनी काढलेल्या उद्गारांचा संग्रह आहे, पहिल्याच भागाचं शीर्षक ‘विट अँड विज्डम’. विज्डमला शहाणपण चालेल. विटला काही सापडत नाही. विनोद म्हटलं की हसू राहतं, धार जाते. हजरजबाबीपणाला समोर कुणीतरी बोलणारं लागतं. इथली निम्मी वाक्यं एकांतात बसून लिहिलेली आहेत. संपादकांनी पूर्ण भागालाच ‘सुविचार’ म्हणायचं सुचवलं, ते तर अजिबात पटलं नाही. सुविचार फळ्यावर लिहितात, तो कुणाला टोचत नाही. ऑस्कर वाइल्डचं वाक्य टोचण्यासाठीच असतं.

अर्धविराम
वैदग्ध्य! संस्कृत काव्यशास्त्रकार कुंतकाने वक्रोक्तीची ओळखच ‘वैदग्ध्यभङ्गीभणिति’ अशी करून दिली आहे. जाणत्या माणसाची वळण घेऊन बोलण्याची तऱ्हा. विट म्हणजे याहून वेगळं काय? शिवाय विद् म्हणजे जाणणे, त्यावरून विदग्ध, आणि इंग्रजी विटही त्याच मुळाचा.

पैलतीर
अर्धं बरोबर. विट आणि विज्डम हे दोन्ही इंग्रजी शब्द आपल्या वेद-विद्येचे दूरचे भाऊबंद आहेत. विदग्ध मात्र त्या घरातला नाही. तो वि + दह्. आचेतून गेलेला, कच्चेपणा न उरलेला, म्हणून चतुर. मला ही व्युत्पत्ती जास्त आवडते. शब्दात अनुभव येतो. पण अडचण अशी की मराठीत तो आता ‘विदग्ध वाङ्मय’ एवढ्यापुरता उरलाय आणि तिथे त्याचा अर्थ अभिजात असा घेतात. ‘विदग्ध मन’ म्हणजे पोळलेलं मन, असंही लिहिलेलं मी वाचलंय.

सांजवात
संस्कृत नाटकांत ‘विट’ नावाचं पात्रच असतं की. मृच्छकटिकात शकाराबरोबर वावरतो तो. रसिक, बोलण्यात तरबेज. ‘भाण’ या एकपात्री रूपकात तर तोच एकटा बोलत असतो. माझे आजोबा ठामपणे सांगायचे की इंग्रजांनी शब्द इथूनच नेला.

पैलतीर
आजोबांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतही हा शब्द होता. तेव्हा कोण इथे आलं होतं न्यायला? ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही.

सांजवात
मान्य. पण पात्र आणि शब्द दोघांचा स्वभाव इतका एक असावा, याचं नवल वाटतंच.

दुभाषी
शीर्षकाचं तूर्त राहू दे, आत त्याहून मोठी अडचण आहे. ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ या वाइल्डच्या १८९२च्या नाटकात एकजण विचारतो, सिनिक म्हणजे कोण? उत्तर मी असं केलंय: ‘ज्याला प्रत्येक गोष्टीची किंमत ठाऊक असते आणि मोल एकाचंही नसतं, असा माणूस.’ संपादकांनी ‘किंमत’खाली लाल रेघ ओढली. शब्द अरबी, मूल्य करा. मग मोलाच्या जागी काय ठेवू? दोन्हीकडे मूल्य आलं तर वाक्य उभंच राहत नाही.

काना_मात्रा
संपादकांची बाजू मांडतो, कारण इथे ती कुणी मांडणार नाही. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच नाही. सावरकरांचे दिनांक, महापौर आज कुणाला परके वाटतात? आणि माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला, त्यांनीच पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेतला. फारसी न येणाऱ्याचा तो हट्ट नव्हता. ‘दाम’ घ्या. प्रत्येक गोष्टीचा दाम ठाऊक, मोल कशाचंच नाही. ऐकायलाही बरं लागतं.

पैलतीर
दाम ग्रीक आहे. द्राख्मे हे तिकडचं नाणं, त्यावरून द्रम्म, त्यावरून दाम.

काना_मात्रा
दोन हजार वर्षांपूर्वी आलेला शब्द घरचाच झाला.

पैलतीर
मग किंमतीने अजून किती वर्षं उंबऱ्याबाहेर थांबायचं, तेही सांगा.

अर्धविराम
तुम्ही दोघं उगमावर भांडताय, पण अर्थाचं काय? दुभाषी, तुमचा भेद मला मुळातच कच्चा वाटतो. मोल म्हणजे काहीतरी उदात्त, असं कुणी ठरवलं? मोलमजुरी, मोलकरीण, कवडीमोल, मातीमोल. सगळीकडे मोल म्हणजे रोख पैसा. उलट ‘त्याला घरात कुणी किंमत देत नाही’ यात पैशाचा संबंधच नाही. बोलीने दोन्ही शब्द केव्हाच अदलाबदल करून वापरलेत.

दुभाषी
रात्रभर यावर विचार केला. तुमची उदाहरणं खोटी नाहीत. तरी एक करून पाहा: दोन्ही शब्द एकाच वाक्यात शेजारी ठेवा. एकटं मोल मजुरी होऊ शकतं, पण शेजारी किंमत आली की ते लगेच तिच्यापासून दूर सरकतं. ‘किमती अंगठी’ आणि ‘मोलाची अंगठी’ यांतली आईने दिलेली कोणती, हे मराठी माणसाला विचारावं लागत नाही. अरबीतून आलेला एक आणि मूल्यावरून प्राकृतातून घडत आलेला दुसरा, असे दोन शब्द भाषेने सांभाळले म्हणून वाइल्ड मराठीत बोलू शकतो. त्यातला एक शुद्धतेसाठी काढला तर काय उरेल ते मला लिहावं लागणार आहे, म्हणून मी भांडते आहे.

पायवाट
इथे पहिल्यांदाच लिहितोय. त्या संवादात पुढचं वाक्यही आहे, संग्रहांत ते सहसा गाळतात. प्रश्न विचारणाराच उलटून म्हणतो की सेंटिमेंटॅलिस्टला प्रत्येक गोष्टीत अवाजवी मोल दिसतं आणि बाजारभाव एकाही वस्तूचा ठाऊक नसतो. म्हणजे वाइल्डने दोघांनाही सोडलेलं नाही. पहिलंच वाक्य उचललं की त्याचा सुविचार होतो, दोन्ही मिळून ते विट आहे. मी असं करून पाहिलं: ‘आणि भावुक माणसाला सगळ्यातच भाव दिसतो, बाजारातला भाव मात्र एकाचाही ठाऊक नसतो.’

सांजवात
वा! भावना आणि दर, दोन्ही एका ‘भाव’मध्ये. हे इंग्रजीला जमणार नाही.

काना_मात्रा
जमणार नाही म्हणूनच आक्षेप आहे. वाइल्डने इथे श्लेष केलेला नाही. त्याने न केलेली कोटी त्याच्या तोंडी घालायचा अधिकार अनुवादकाला नाही. थोरांच्या नावावर अशीच वाक्यं चढत जातात. ‘तुझं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याच्या तुझ्या हक्कासाठी प्राण पणाला लावीन’ हे जगभर व्हॉल्टेअरच्या नावावर खपतं. लिहिलंय एव्हलिन बिआट्रिस हॉल यांनी, १९०६ सालच्या पुस्तकात, त्याची वृत्ती सांगताना.

पायवाट
ते वेगळं. हॉलबाईंचं वाक्य लोकांनी दुसऱ्याच्या नावावर घातलं. मी वाइल्डचं वाक्य त्याच्याच नावावर ठेवतोय, फक्त एका ठिकाणी न साधणारी गंमत दुसऱ्या ठिकाणी साधतोय.

अर्धविराम
यासाठी मराठीत शब्द तयार आहे: म्हणे. ‘तुका म्हणे’ यात तो म्हणणाऱ्याची मुद्रा आहे आणि ‘व्हॉल्टेअर असं बोलला म्हणे’ यात ऐकीव असल्याची कबुली. एकाच शब्दात सही आणि शंका दोन्ही. संग्रहातल्या प्रत्येक वाक्याखाली यातला कोणता ‘म्हणे’ आहे ते छापायला हवं.

दुभाषी
पायवाट, तुमचं ‘भाव’ घेऊ का? टिपेत ‘अनुवादातील श्लेष’ अशी नोंद करीन, म्हणजे काना_मात्रांचा आक्षेपही नोंदला जाईल. ‘सिनिक’ मात्र अजून तसाच आहे. तुच्छतावादी फार जड होतंय.

सांजवात
कुत्सित? ग्रीकमध्ये सिनिक म्हणजे श्वानासारखा, डायोजिनिसच्या पंथाचं नाव. कुत्रा, कुत्सित, जुळतंय.

पैलतीर
ग्रीक शब्दाचं नातं आपल्या ‘श्वान’शी आहे, हे खरं. कुत्सित ‘कुत्स्’ म्हणजे निंदा करणे यावरून. त्यात कुत्रा नाही. पण अर्थाने तो बराच जवळ जातो.

काना_मात्रा
दुभाषी, सुरुवातीला विज्डमला शहाणपण ‘चालेल’ म्हणालात. शहाणा हा शाहवरून आलेला फारसी शब्द आहे. दासबोधातही ‘शाहाणें करून सोडावें’ असंच आहे.

पैलतीर
तो सज्ञानवरून आला आहे, प्राकृतातून. हिंदीतला सयाना बघा.