स्ट्रेंजर थिंग्ज : जुना काळ फक्त सजावटीपुरता नाही

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या नेटफ्लिक्सवरच्या भयमालिकेत ‘पहिल्या सीझननंतर नुसता ऐंशीच्या दशकाचा देखावा उरला’ असं काही जण म्हणतात, ते मत मला अर्धंच पटतं. पहिल्या सीझनमध्ये जुन्या वस्तूच कथा पुढे नेतात. जॉइस भिंतीवर काळ्या रंगाने इंग्रजी मुळाक्षरं काढते, प्रत्येकावर नाताळच्या माळेतला एक दिवा, आणि तिचा हरवलेला मुलगा विल एकेक दिवा पेटवून उत्तर देतो. शेवटची तीन अक्षरं आर, यू, एन : पळ! हातात मोबाइल असता तर हा प्रसंग उभाच राहिला नसता.

चौथ्या सीझनमध्येही ही जाण आहे. उलटं जग म्हणजे गावाचं अंधारं प्रतिरूप; तिथल्या नॅन्सी या मुलीच्या खोलीत तिच्या बंदुका सापडत नाहीत, कारण तिथली डायरी ६ नोव्हेंबर १९८३ ला थांबलेली आहे, म्हणजे तिथला काळच त्या दिवशी गोठलाय. विल हरवला तोच दिवस! फार विचार करून लिहिलंय हे.

बिघडतं ते लांबीमुळे. सुरुवातीचे भाग साधारण पन्नास मिनिटांचे, चौथ्याचा शेवटचा भाग दोन तासांहून मोठा. पात्रं तीन-चार ठिकाणी विखुरली की भीती मुरायच्या आत दृश्य बदलतं. रशियातला तुरुंग तर सरळ कापायला हवा होता.

आणि एक, सोलापूरच्या उन्हात दुपारी बघू नका, अंधारातली दृश्यं पार धुऊन निघतात. बघायचंच असेल तर खिडकीला चादर लावा, आपली सोलापुरी जाड असते, उजेड बराच अडतो. टीव्हीतलं मोशन स्मूदिंगही (हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सोय) बंद करा.