कॉमन मीटरचं बिल आणि बी विंगची गाडी

ए-१०३: कॉमन लाइटचं बिल बघितलं का कोणी? एप्रिलमध्ये बी विंगला इलेक्ट्रिक गाडीचं चार्जर बसलं आणि मे महिन्यापासून बिल चढलंय. आता मेंटेनन्स वाढवायची भाषा सुरू झालीय. एकाच्या गाडीसाठी साठ घरांनी पैसे का भरायचे?

सी-४०२: अगदी बरोबर. तेव्हापासूनच चढलंय.

बी-२०१: काका, चार्जर माझ्या घरच्या मीटरवर आहे. माझ्या मीटरमधून केबल निघते ती थेट माझ्या पार्किंगला जाते. कॉमन मीटरशी काही संबंध नाही.

ए-१०३: मीटर रूम सोसायटीची, डक्ट सोसायटीचा. मग त्यातून जाणारी वीज कोणाची झाली?

सी-४०२: आणि यांचा मेंटेनन्स गेल्या वर्षी किती उशिरा आला ते विचारा. हे आम्हाला हिशेब शिकवणार.

डी-३०२: पोस्ट हॉक फॅलसी ✅ ॲड होमिनेम ✅ अजून येऊ द्या, बिंगो होतंय 😂

ए-१०३: मराठीत बोल बाळा.

सी-१०१ (काकू): मराठीत मी सांगते, तीस वर्षं हेच शिकवलंय. कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून कावळ्याने मोडली असं होत नाही. एप्रिलनंतर बऱ्याच गोष्टी घडल्या. उन्हाळा लागला, मुलांना सुट्टी लागली, लिफ्ट दिवसभर वरखाली. त्यातली चार्जर ही एकच गोष्ट डोळ्यांवर येते, कारण ती नवी आहे आणि दुसऱ्याची आहे. आणि मुद्दा सोडून माणसावर घसरू नका. थकबाकीचा विषय सभेत घ्या की, पण मीटर काही थकबाकी बघून फिरत नाही.

सी-१०१ (काकू): राहिला डक्टचा मुद्दा. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात, याला छल म्हटलंय. त्यावरच्या भाष्यात उदाहरण आहे : एकजण म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. ऐकणारा मुद्दाम ‘नऊ घोंगड्या’ असा अर्थ घेतो आणि विचारतो, याच्याकडे तर एकच आहे, नऊ कुठायत? तसंच हे. ‘सोसायटीचा’ डक्ट म्हणजे मालकी. ‘सोसायटीची’ वीज म्हणजे बिल कोण भरतं ते. शब्द तोच ठेवून अर्थ हळूच बदललात.

ए-१०३: काकू, तुमच्यापुढे कोण बोलणार 🙏 पण माझे मेहुणे बँकेत मोठ्या पोस्टवर आहेत, ते म्हणाले ही चार्जरं कॉमन लाइन खेचतात.

डी-३०२: बँकेत?

सी-४०२: ते राहू द्या. आज एक गाडी आली, उद्या दहा येतील, मग अख्खी बिल्डिंग अंधारात. शेजारच्या सोसायटीने सरळ बंदी घातलीय. आपल्यालाच कसला पुळका?

डी-३०२: स्लिपरी स्लोप ✅ बँडवॅगन ✅ बिंगो!!

ए-४०१: डी-३०२, जरा थांब. शेजाऱ्यांनी बंदी घातली हे कारण नाही, कबूल. पण ‘उद्या दहा येतील’ ही नुसती भीती नाही, त्यात आकडा आहे. साधारण ३.३ किलोवॅटचे दहा चार्जर रात्री अकराला एकदम लागले तर ३३ किलोवॅट होतात. आपला मंजूर लोड, म्हणजे वीज कंपनीने एका वेळी वापरायला मंजूर केलेली वीज, किती, केबल कोणत्या जाडीची, हे बघायलाच हवं. पायऱ्या एकेक करून दाखवता आल्या तर तो घसरगुंडीचा युक्तिवाद राहत नाही, त्याला नियोजन म्हणतात. तू शिक्का मारलास आणि प्रश्न तसाच राहिला.

सी-१०१ (काकू): अगदी हेच लिहायला आले होते. समोरच्याची कारणं कच्ची निघाली म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. प्रतिपक्ष खोडायचा आणि स्वतः काही मांडायचं नाही, याला वितंडा म्हणतात. तुझं बिंगो त्यातच मोडतं रे.

डी-३०२: ओके काकू 🙈

ए-१०३: मग कॉमन मीटरला धक्का लागत नाही हे बी-२०१ने सिद्ध करावं.

ए-४०१: आरोप तुमचा, तेव्हा पुरावा खरं तर तुम्ही द्यायचा. पण इथे सिद्ध करणं दोन मिनिटांचं काम आहे, उगाच वाद नको. संध्याकाळी साडेसातला खाली या. सेक्रेटरी साहेब, मीटर रूमची चावी आणा.

सेक्रेटरी (सी-२०१): आणतो. येताना मागच्या वर्षीची बिलंही आणतो.

ए-४०१: आणा. रुपये बघू नका, युनिट बघा. दर बदलला तरी रुपये वाढतात. आणि मेची तुलना मेशीच करा, जानेवारीशी नको.

(रात्री)

सेक्रेटरी (सी-२०१): पाहणीचा वृत्तांत. ए-१०३, सी-४०२, ए-४०१ आणि मी हजर होतो. गाडी चार्जिंगला लावली. बी-२०१चा मेन स्विच पाडला, चार्जर बंद. तो चालू करून कॉमनचा मेन पाडला, जिन्यातले दिवे गेले, चार्जर चालूच. म्हणजे चार्जर त्यांच्याच मीटरवर आहे.

ए-१०३: मी स्वतः बघितलं. मान्य. पण मग बिल का चढलं?

सेक्रेटरी (सी-२०१): गेल्या वर्षी मे महिन्यात १,१२० युनिट, यंदा १,५८०. वाढ खरी आहे, दराचा खेळ नाही.

डी-३०२: म्हणजे काकांचं निरीक्षण बरोबर, कारण चूक.

(दुसऱ्या दिवशी)

ए-४०१: रात्री अकराला आणि सकाळी सहाला कॉमन मीटरचं रीडिंग घेतलं. लिफ्ट जवळपास बंद असताना, नुसत्या दिव्यांवर एवढे युनिट जाणं शक्यच नाही. मग कान देऊन ऐकलं तर पाण्याची मोटर चालू! गच्चीवर जाऊन बघितलं. सी विंगची टाकी भरून वाहत होती. पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून सरळ गटारात जातंय, म्हणून खाली कोणाला पत्ता नाही. टाकीतला लेव्हल सेन्सर वायरीला लोंबकळतोय, टाकी भरली तरी मोटर बंद होत नाही.

बी-२०१: एप्रिलमध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं होतं. तेव्हाच निघाला असणार.

सी-१०१ (काकू): आता तुम्ही कावळा बसवलात 😄

बी-२०१: 😅

ए-४०१: काकूंचा टोला बरोबर आहे. वॉटरप्रूफिंगवाल्यांनी तोडला की आधीच तुटला होता, ते सांगता येणार नाही. मोटरचं मात्र मोजता येतं. ५ हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट. वॉचमनच्या अंदाजाने रोज चार तास जास्त चालते. म्हणजे दिवसाला पंधराच्या आसपास युनिट, महिन्याला साडेचारशे. वाढ ४६०ची आहे. आकडा जुळतो, पण तास अंदाजाचे आहेत, म्हणून अजून शंभर टक्के म्हणत नाही. सेन्सर बदलू आणि पुढच्या बिलात युनिट उतरतात का बघू. नाही उतरले तर अजून कुठेतरी गळती आहे.

सी-४०२: पण आगीचं काय? चार्जरने आग लागली तर? तो प्रश्न तुम्ही सगळ्यांनी बिलाच्या गडबडीत गुंडाळून ठेवला.

बी-२०१: काका, आग पेट्रोलच्या गाडीलाही लागते.

सी-४०२: पेट्रोलच्या गाडीची केबल माझ्या डोक्यावरून रात्रभर जात नाही.

सी-१०१ (काकू): या वेळी सी-४०२ बरोबर आहेत. दुसरीकडेही धोका आहे म्हटल्याने इकडचा कमी होत नाही. केबल कोणत्या दर्जाची, अर्थिंग नीट आहे का, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) किती अँपिअरचा, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

बी-२०१: कंपनीच्या माणसाने बसवलंय, पण त्रयस्थ माणसाकडून तपासून घ्यायला माझी हरकत नाही. खर्च मी देतो.

ए-४०१: तपासणी लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून करा आणि अर्थिंगचं रीडिंग लेखी घ्या. तोंडी ‘ओके आहे’ चालणार नाही.

सेक्रेटरी (सी-२०१): नोंद घेतली. (१) लेव्हल सेन्सर आजच बदलतोय. तोपर्यंत वॉचमन मोटर हाताने बंद करेल. (२) इलेक्ट्रिशियन रविवारी सकाळी दहाला येईल. (३) मंजूर लोड आणि पुढच्या चार्जरांचे नियम सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर. मेंटेनन्सवाढीचा विषय पुढचं बिल येईपर्यंत मागे घेतलाय.

ए-१०३: सेन्सरचे पैसे कोणाच्या खात्यातून? टाकी सी विंगची आहे.

सी-४०२: मोटर सगळ्यांची आहे.

सेक्रेटरी (सी-२०१): दुरुस्ती फंडातून. आणि रविवारी येताना सगळ्यांनी आपापल्या मीटरवरचा फ्लॅट नंबर बघून घ्या, सहा मीटरांची स्टिकरं निघून गेलीत.